मजल्यावरचा पॅसेज: जुन्या इमारतींत वसवलेल्या चार अमेरिकी हॉटेलांचे परीक्षण

शहराच्या मध्यवर्ती भागातल्या एखाद्या जुन्या बँकेचे, कचेरीचे किंवा रेल्वे स्थानकाचे हॉटेल झाले की छायाचित्रे नेहमी एकाच जागेची येतात. उंच छताचे मुख्य दालन, त्यातले दिवे, दगडी खांब आणि खांबांच्या मधोमध मांडलेले सोफे त्यांत दिसतात. ही छायाचित्रे खोटी नसतात, परंतु त्यांवरून हॉटेलाची पारख होत नाही. मुख्य दालन वाचवणे तुलनेने सोपे असते, कारण त्यात खोल्या बसवता येत नाहीत आणि ते मोडून मालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. शिवाय पाहुण्याची पहिली नजर तिथेच पडते, म्हणून त्यावर खर्च करायला कोणाची हरकत नसते. पाहुणा लिफ्टने वर जातो, नवव्या किंवा अकराव्या मजल्यावर उतरतो आणि आपल्या खोलीचा क्रमांक शोधत पॅसेजमधून चालू लागतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या इमारतीतले काय उरले आहे, यावर माझा निकाल ठरतो. पॅसेजचा प्रत्येक चौरस फूट खोलीत ओढून घेण्याचा मोह तिथे असतो, आणि तो मोह कोणी किती आवरला हे तिथेच कळते.

ही कसोटी मला एका फसलेल्या मुक्कामाने शिकवली. ते हॉटेल जुन्या कचेरीच्या मनोऱ्यात होते आणि तळमजल्यावरचे दालन पाहून मी दोन रात्रींचे आरक्षण मोठ्या उत्साहाने केले होते. वर गेल्यावर मात्र जाड गालिचा, खाली ओढलेले खोटे छत आणि सपाट रंगाचे दरवाजे यांपलीकडे काही नव्हते. डोळे मिटून कोणत्याही विमानतळाशेजारच्या हॉटेलात नेऊन सोडले असते, तरी फरक कळला नसता. खोलीत तर न्हाणीघराची नवी भिंत थेट जुन्या खिडकीच्या मध्यावर येऊन टेकली होती, त्यामुळे खिडकीचा अर्धा भाग खोलीला आणि अर्धा शॉवरला मिळाला होता. उरलेल्या अर्ध्यातून समोर दिसत होता तो इमारतीच्या पोटातला, हवा आणि उजेड यांच्यासाठी सोडलेला चौक, आणि पलीकडच्या खोलीतल्या पाहुण्याचा टूथब्रश. त्या हॉटेलाचे नाव इथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण ही चूक एकट्या त्याची नाही. इमारतीच्या मूळ मापाशी खोलीचे माप जुळवून न घेता, ठरलेल्या आकाराच्या खोल्या जिथे बसतील तिथे बसवल्या की असे होणारच.

वास्तविक, जुन्या कचेरीचे हॉटेल करणे हा मुळात बराचसा नैसर्गिक बदल आहे. विजेचे दिवे आणि वातानुकूलन सर्वत्र होण्याआधी बांधलेल्या कचेऱ्यांमध्ये कोणतेही मेज खिडकीपासून फार लांब ठेवता येत नसे. म्हणून मजले अरुंद असत, मधून एक पॅसेज जाई आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या खोल्या लागत. हॉटेलच्या मजल्याची रचनाही हीच असते. उलट, दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या खोल आणि रुंद मजल्यांच्या कचेऱ्यांत मधला मोठा भाग खिडकीविना राहतो आणि त्याचे काय करावे हे कोणालाच नीट सुचत नाही. जुन्या इमारतीत खरी अडचण पाण्याची असते. कचेरीच्या मजल्यावर एक-दोन सामायिक स्वच्छतागृहे पुरत असत, तर हॉटेलात प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागते. त्यामुळे न्हाणीघरे एकावर एक अशी रचावी लागतात आणि त्यांच्या नळांसाठी जुन्या मजल्यांना वरपासून खालपर्यंत भोके पाडून उभ्या नळीमार्गांना जागा करावी लागते. आगीच्या नियमांसाठी बंदिस्त जिने हवेत, पाण्याचे फवारे हवेत, वातानुकूलनाचे पाइप हवेत, आणि हे सगळे लपवायला सर्वांत सोपी जागा म्हणजे पॅसेजचे छत. खोटे छत खाली आले की दारांवरचे झरोके झाकले जातात, आणि झरोके गेले की पॅसेजची ओळखच जाते.

शिकागो, फिलाडेल्फिया, बॉस्टन आणि डेन्व्हर इथल्या या चार हॉटेलांपैकी ज्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो, तिथे ही ओळख गेलेली नाही. शिकागोमध्ये स्टेट आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या चौकात उभी असलेली रिलायन्स बिल्डिंग १८९५ साली पूर्ण झाली. तिच्या जन्माची कथाच चमत्कारिक आहे: त्या जागेवरच्या जुन्या इमारतीतल्या वरच्या भाडेकरूंचे करार १८९४ पर्यंत संपणार नव्हते, म्हणून वरचे मजले जॅकवर तोलून धरून त्यांच्याखाली नव्या इमारतीचा पाया आणि तळमजला आधी बांधून घेण्यात आला. तळाचा आराखडा वास्तुविशारद जॉन रूट यांचा होता. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर वरचे मजले त्यांचे भागीदार डॅनियल बर्नहॅम यांच्या कचेरीतल्या चार्ल्स ॲटवुड यांनी पोलादी सांगाडा, पांढऱ्या झिलईचा टेराकोटा आणि प्रचंड काचा वापरून उभे केले. पावसाने आपोआप धुऊन निघेल अशी त्या पांढऱ्या टेराकोटाबद्दलची अपेक्षा होती. काजळीने भरलेल्या त्या काळच्या शहरात ती किती भाबडी होती हे पुढे दिसलेच, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारत काळवंडून जवळजवळ ओस पडली. १९९४ मध्ये शहराच्या प्रशासनाने ती विकत घेतली, आधी बाहेरचा भाग दुरुस्त करून घेतला, आणि १९९९ मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले. नंतर त्याचे नाव आणि चालक बदलले, पण इमारतीत झालेले काम तेच आहे.

वरच्या मजल्यांवर पूर्वी डॉक्टरांचे आणि दंतवैद्यांचे दवाखाने होते. कुख्यात गुंड अल कपोन याचा दंतवैद्य याच इमारतीत बसत असे, असे सांगितले जाते. खोल्या १२२ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच लहान आहेत, कारण त्या दवाखान्यांच्या मापाच्या आहेत. ऐसपैस जागा हवी असणाऱ्याला इथे अडचण वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे. पण पॅसेजमध्ये पाऊल टाकताच त्या लहान आकाराचा मोबदला मिळतो. पायाखाली बारीक तुकड्यांची मोझेक फरशी आहे, भिंतींना संगमरवर आहे, लोखंडी जिन्याचे नक्षीदार कठडे आहेत, आणि दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीत दुधी काच बसवलेले, जुन्या दवाखान्यांच्या वळणाचे दरवाजे आहेत. काचेच्या दाराला हॉटेलवाले सहसा घाबरतात, कारण त्यातून आवाज येतो, प्रकाश झिरपतो आणि आगीच्या नियमांत ते बसवणे जिकिरीचे असते. इथे ती जिकीर पत्करली गेली आहे, आणि तिच्यामुळेच पाहुण्याला आपण एखाद्या डॉक्टरची वेळ घेऊन आलो आहोत असे क्षणभर वाटून जाते. मला तो क्षण कोणत्याही झुंबरापेक्षा मोलाचा वाटतो.

अशा पॅसेजमागे केवळ मालकाची रसिकता असते असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत ऐतिहासिक नोंद असलेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या इमारतीचे पुनर्वसन केल्यास पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी सवलत केंद्रीय करात मिळते. जुन्या इमारतींना करकायद्यातून आधार देण्याची सुरुवात १९७६ मध्ये झाली, २० टक्क्यांचा दर १९८६ मध्ये ठरला, आणि २०१७ च्या कायद्याने ही सवलत एका वर्षात न घेता पाच वर्षांत विभागून घ्यायची असा बदल झाला. काम वरवरचे असून चालत नाही. साधारणपणे २४ महिन्यांच्या मुदतीतला खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा जास्त असावा लागतो, आणि पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आराखडा नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याने ठरलेल्या दहा मानकांच्या कसोटीवर मान्य करावा लागतो. या मानकांत इमारतीच्या आतल्या जागांचीही प्रतवारी पाहिली जाते: प्रवेशदालन, मुख्य जिना आणि वैशिष्ट्यपूर्ण पॅसेज या पहिल्या दर्जाच्या जागा मानल्या जातात, तर भाडेकरूंच्या बदलत राहिलेल्या खोल्या दुय्यम ठरतात. म्हणूनच वास्तुविशारदाला भिंतींच्या आत बरेच स्वातंत्र्य मिळते आणि भिंतीबाहेर, पॅसेजमध्ये, फारच थोडे. खोटे छत खिडकीच्या वरच्या कडेच्या खाली आणायचे असेल, तर ते खिडकीपासून मागे थांबवावे लागते, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला काचेमागे अर्धवट कापलेली खोली दिसू नये. माझ्या त्या फसलेल्या मुक्कामातल्या खिडकीवर कोणाची अशी नजर पडलेली नसावी.

फिलाडेल्फियामधल्या लोझ हॉटेलाचे परीक्षण याच कसोटीवर करताना मला थोडी कसरत करावी लागते. १२ वा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरची ही ३६ मजली इमारत फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी या बचत बँकेसाठी जॉर्ज हाउ आणि विल्यम लेस्केझ यांनी आखली आणि ती १९३२ मध्ये, म्हणजे ऐन मंदीत, उघडली. अमेरिकेतली आंतरराष्ट्रीय शैलीची, म्हणजे नक्षीकाम टाळून सरळ रेषा आणि काच यांवर भर देणाऱ्या वळणाची, पहिली गगनचुंबी इमारत म्हणून तिचे नाव घेतले जाते. वातानुकूलनाच्या बाबतीतही ती आघाडीवर होती. तिच्या आधी पूर्णपणे वातानुकूलित झालेली उंच कचेरी म्हणजे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची मायलम बिल्डिंग. रस्त्यालगतची जागा दुकानांना भाड्याने देता यावी म्हणून बँकेचे दालन वरच्या मजल्यावर नेले होते आणि ग्राहकांना तिथे सरकत्या जिन्याने जावे लागे. १९३२ मध्ये पैसे भरायला सरकत्या जिन्यावर चढणाऱ्या ठेवीदाराला काय वाटले असेल, याची कल्पना करताना मला नेहमी मौज वाटते. बँक १९९२ मध्ये बुडाली, इमारत बरीचशी रिकामी झाली, आणि २००० मध्ये ती ५८१ खोल्यांचे हॉटेल म्हणून उघडली. जवळच नवे अधिवेशन केंद्र १९९३ मध्ये उभे राहिले होते; इतक्या खोल्यांना गिऱ्हाईक कुठून येणार, या प्रश्नाचे उत्तर त्यात होते.

मूळ आराखड्याचा एक गुण हॉटेलाच्या फार उपयोगी पडला आहे. लिफ्ट, जिने आणि नळ यांचा सगळा पसारा हाउ आणि लेस्केझ यांनी काळ्या विटांच्या एका वेगळ्या उभ्या कण्यात ठेवला आणि कचेऱ्यांचे मजले त्याला काटकोनात जोडले, त्यामुळे इमारतीचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा झाला. कचेऱ्यांच्या भागाला भरपूर खिडक्या मिळाल्या, आणि आज प्रत्येक खोलीला बाहेरचे शहर दिसते ते त्यामुळेच. उघडलेल्या पडद्यामागे दुसऱ्याचा टूथब्रश दिसण्याचा प्रसंग इथे येत नाही. पॅसेजबद्दल मात्र उत्साहाने लिहिण्यासारखे कमी आहे. याचा दोष मी हॉटेलाला देत नाही, कारण तिथे मुळातच भाडेकरू बदलतील तशा फिरवता येणाऱ्या साध्या जागा होत्या. वाचवण्यासारखी मोझेक किंवा दुधी काच त्या मजल्यांवर रिलायन्सच्या धर्तीची नव्हतीच. सार्वजनिक जागांत मात्र काम चोख आहे. सरकता जिना, बँकेचे उंच दालन, रंगीत संगमरवराच्या भिंती, कार्तिएची खास बनवून घेतलेली घड्याळे आणि ३३ व्या मजल्यावरचा संचालक मंडळाचा कक्ष यांना हात लावताना संयम पाळलेला दिसतो. बँकेचे दालन आता मेजवान्यांसाठी वापरले जाते, त्यामुळे ते बऱ्याचदा बंद दारामागे असते, ही माझी एकमेव तक्रार. मेजवानी नसेल तेव्हा आत डोकावू देण्याची विनंती करावी. छतावरची पीएसएफएस ही सुमारे २७ फूट उंचीची लाल निऑन अक्षरे अजून रात्री पेटतात. ज्या संस्थेची ती आद्याक्षरे आहेत ती उरलेली नाही, आणि हॉटेलाने त्या जागी स्वतःचे नाव चढवण्याचा मोह आवरला आहे, याबद्दल त्याला दोन गुण जास्त द्यायला हवेत.

बॉस्टनच्या लिबर्टी हॉटेलाबद्दल मी इतका खूश नाही, जरी चारांमध्ये सर्वांत जास्त छायाचित्रे त्याचीच निघत असावीत. ही इमारत म्हणजे चार्ल्स स्ट्रीट तुरुंग, ग्रिडली ब्रायंट यांनी आखलेला आणि १८५१ मध्ये उघडलेला. क्रुसाच्या आकारात चार बाह्या आणि मधोमध सुमारे ९० फूट उंचीचे अष्टकोनी दालन, उंच कमानींच्या खिडक्या, ग्रॅनाइटच्या भिंती: कैद्यांना उजेड आणि हवा मिळाली तर ते सुधारतील, या एकोणिसाव्या शतकातल्या विचारातून ती आली होती. पुढे तिथली अवस्था इतकी बिघडली की १९७३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने तिथे माणसे ठेवणे घटनाविरोधी ठरवले, आणि तरीही शेवटचे कैदी हलायला १९९० साल उजाडले. २००७ मध्ये हॉटेल उघडले. मधले दालन आजही थक्क करते. सज्जे, लोखंडी जिने आणि उंच खिडक्यांतून उतरणारा उजेड पाहिला की ब्रायंट यांचा हेतू किती प्रामाणिक होता हे कळते.

परंतु पॅसेजची कसोटी लावली की चित्र बदलते. एकूण २९८ खोल्यांपैकी अवघ्या १८ जुन्या तुरुंगात आहेत. उरलेल्या शेजारी उभारलेल्या १६ मजली नव्या इमारतीत आहेत. याचे कारण स्पष्ट आहे: कोठड्या साधारण ८ फूट रुंद आणि १० फूट लांब होत्या आणि त्यांच्या भिंती ग्रॅनाइटच्या, त्यामुळे कचेरीसारखे त्यांचे रूपांतर करता येणे शक्यच नव्हते. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे, पण मग बहुतेक पाहुण्यांच्या वाट्याला ऐतिहासिक इमारत येते ती चहा पिताना आणि चावी घेताना. झोपायला ते नव्या इमारतीत जातात. माझ्या मनाला खटकते ती दुसरीच गोष्ट. उपाहारगृहाला गजांचा खणखणाट सुचवणारे नाव, मद्यालयाला आरोपीच्या बचावावरून घेतलेले नाव, आणि तेही पूर्वी मद्यपींना डांबत असत त्या जागी. ज्या भिंतींआड माणसे हालात राहिली म्हणून न्यायालयाला मध्ये पडावे लागले, त्या भिंतींवर विनोद करायला पन्नास वर्षेसुद्धा थांबायची गरज कोणाला वाटली नाही. कोणी म्हणेल, मी उगाच मनाला लावून घेतो. तसे असेलही, पण परीक्षण माझे आहे.

डेन्व्हरच्या युनियन स्टेशनमधले क्रॉफर्ड हॉटेल या रांगेत वेगळे बसते, कारण तिथे मूळ काम थांबलेलेच नाही. मधली इमारत १९१४ सालची, हॉटेल २०१४ सालचे आणि खोल्या ११२. परंतु खालचे मोठे दालन आजही रेल्वेचे प्रतीक्षालय आहे. हॉटेलाला डेना क्रॉफर्ड यांचे नाव दिले आहे. शहरातल्या जुन्या इमारती पाडल्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी अनेक दशके काम केले. पोटमाळ्यावरच्या, लाकडी तुळया उघड्या ठेवलेल्या खोल्या मला विशेष आवडल्या, कारण ती जागा पूर्वी प्रवाशांच्या वापरातच नव्हती आणि तिथे कोणाचेच काही हिरावले गेलेले नाही. गाड्यांच्या आणि गर्दीच्या आवाजाची तक्रार करणाऱ्याने मात्र स्टेशनात झोपायला जाऊ नये.

आरक्षण करणाऱ्याने फोनवर विचारायचा प्रश्न चारही ठिकाणी एकच आहे: खोली जुन्या भागात आहे का, आणि तिची खिडकी रस्त्याकडे उघडते की आतल्या चौकात? बॉस्टनमध्ये हे विचारल्याशिवाय पैसे भरूच नयेत. शिकागोमध्ये आणखी एक मागणी करावी, ती म्हणजे रस्त्याकडे पुढे आलेल्या खिडकीची खोली. त्या खिडकीत मध्ये एकच मोठी स्थिर काच आणि दोन्ही बाजूंना उघडण्यासाठी केलेली अरुंद तावदाने आहेत, आणि अशा रचनेला जगभरचे वास्तुविशारद शिकागो खिडकी म्हणून ओळखतात. दंतवैद्यांना दिवसाउजेडी दात नीट दिसावेत म्हणून ती जितकी उपयोगी होती, तितकीच सकाळी बिछान्यात पडून स्टेट स्ट्रीट जागा होताना पाहण्यासाठीही आहे.